ओठांनी बोलणाऱ्या बाया



मागच्या वेचणीच्या दिवसांत गटाच्या बैठकीत मजुरीचा विषय चालला होता. बोलता बोलता एका आजींनी मध्येच विचारलं, "इंग्रजाच्या राज्यात आपला कापूस विलायतेले जात होता म्हणतात. तिथं त्याचं काय करत होते वं?" आम्ही सांगितलं, कापड करत होते. उत्तर बरोबर होतं, पण आजींचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर आमचंही नाही. म्हणून आम्ही थोडं वाचायला बसलो. वाचता वाचता कापूस राहिला बाजूला, आणि त्या कापसाचं सूत ज्यांच्या हातांतून गेलं त्या बायांच्या बोलण्यातच आम्ही अडकून पडलो. आजचा कार्यक्रम त्यांच्या बोलीवर.

इंग्लंड म्हटलं की आपल्याला लंडन आठवतं, राणी आठवते, शाळेच्या पुस्तकातलं इंग्रजी आठवतं. लंडनहून उत्तरेला गेलं की देशाच्या मधोमध पेनाइन नावाची डोंगररांग लागते. तिच्या पश्चिमेला लँकाशायर, पूर्वेला यॉर्कशायर. पश्चिमेकडे पाऊस फार, हवा ओलसर. ओलसर हवेत कापसाचं सूत कमी तुटतं. ओढ्यांना पाणी, जवळ कोळसा, आणि कापूस उतरवायला लिव्हरपूलचं बंदर. म्हणून कापसाच्या गिरण्या लँकाशायरात उभ्या राहिल्या. मँचेस्टरच्या आसपास ओल्डहॅम, रॉचडेल, ब्लॅकबर्न, बर्नली अशी गावंच्या गावं गिरणीवर जगायला लागली. डोंगरापलीकडे यॉर्कशायरात मेंढ्या, म्हणून ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्सकडे लोकरीच्या गिरण्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांची टिंगल करण्यात पटाईत. पण लंडनच्या साहेबापुढे दोघंही सारखेच अडाणी ठरायचे. त्यांचं इंग्रजी साहेबाला कळायचं नाही, आणि कळलं तरी आवडायचं नाही.

ते इंग्रजी कसं? 'काही नाही' याला पुस्तकात 'नथिंग' म्हणतात, हे म्हणतात 'नाउट'. मुलाला 'बेर्न'. पैशाला 'ब्रास', म्हणजे पितळ. दार लावून घे असं सांगायचं तर "लाकूड भोकात घाल" म्हणायचं. आणि एखाद्या गोष्टीचं फार नवल वाटलं की बाई म्हणते, "आता मी जाते आमच्या जिन्याच्या पायथ्याशी!" का जाते, तिथे काय आहे, कोणी विचारत नाही. आपण "अगं बाई" म्हणतो तेव्हा तरी कुठल्या बाईला हाक मारतो?

यातले पुष्कळ शब्द फार जुने आहेत. हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून, डेन्मार्क आणि नॉर्वेकडून व्हायकिंग लोक या भागात आले. आधी लुटायला आले, मग जमीन धरून शेती करत राहिले. त्यांचे शब्द मातीत मुरले. ओढ्याला 'बेक' म्हणतात, उंच डोंगराला 'फेल' म्हणतात, ते त्यांचे. खेळण्याला यॉर्कशायरात 'लेक' म्हणतात, तोही त्यांचाच. ऐकायला आपल्या लेकीसारखा, अर्थ मात्र खेळणं. पोरं गल्लीत 'लेक' करतात. पुढे गिरण्या आल्या. गिरणीला काम नसलं की फाटकावरून माणसं परत पाठवायचे. घरी आल्यावर ती सांगायची, आज आम्ही 'लेक' करतोय. हातात पगार नाही, चुलीवर काही नाही, आणि तोंडात शब्द खेळण्याचा. हा शब्द वाचला तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, खाडा पडला असं म्हणण्यापेक्षा हे बरं, निदान पोरांना भीती वाटत नसेल.

पोरांना कळायचंच, म्हणा. कारण त्याच्या जोडीला दुसरा शब्द होता: 'क्लेम'. उपाशी असण्याला लँकाशायरात 'क्लेम' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ दाबणं, आवळणं, चिमटणं. आपण पोटाला चिमटा म्हणतो ना, तोच चिमटा तिकडच्या पोटालाही बसत होता.

गिरण्या येण्याआधी बाया काय करत होत्या, तेही जाता जाता सांगतो. डोंगरात डेंट नावाचं गाव आहे. तेव्हा ते यॉर्कशायरात होतं, आता कम्ब्रियात मोडतं. तिथल्या बाया, बाप्ये, पोरं, सगळेच लोकरीचे मोजे आणि टोप्या हातांनी विणायचे. चालताना विणायचे, जनावरं वळताना विणायचे. कमरेच्या पट्ट्याला लाकडाची खोबण अडकवलेली असायची. एक सुई तिच्यात रोवली की एक हात मोकळा. लग्न ठरवू पाहणारा पोरगा अशी खोबण कोरून पोरीला भेट द्यायचा. संध्याकाळी सगळ्या एका घरी जमायच्या, म्हणजे एकाच घरचं सरपण आणि एकाच घरची मेणबत्ती जळायची. त्यांना नाव पडलं 'टेरिबल' विणकर. पुस्तकात या शब्दाचा अर्थ भयंकर. तिथल्या बोलीत अर्थ असा की, बाई भयंकर सुंदर विणते! आपणही म्हणतोच की. मेंढ्या मोजायचे जुने आकडे त्या भागात वेगळे होते: यान, टान, टेथर, मेथर, पिप. बाया विणीचे टाकेही याच आकड्यांत मोजायच्या. शाळेत वन-टू-थ्री शिकलेल्या नातीसुद्धा टाके मात्र आजीच्या आकड्यांत मोजत.

मग वाफेवरचे माग आले आणि हातकाम मागे पडलं.

लँकाशायरच्या गिरणीगावात सकाळ फार लवकर व्हायची. घड्याळ सगळ्यांना परवडायचं नाही. म्हणून आठवड्याला थोडे पैसे घेऊन उठवणारा माणूस असायचा, कुठे कुठे बाईही असायची. लांब काठी, तिच्या टोकाला तारा. माडीच्या खिडकीच्या काचेवर ती काठी खडखडवायची, आतून कोणी हात हलवेपर्यंत हलायचं नाही. नंतर दगडी रस्त्यावर लाकडी तळव्यांच्या बुटांचा आवाज सुरू व्हायचा. त्या बुटांना 'क्लॉग' म्हणतात. तळवा लाकडाचा, खाली लोखंडी पट्टी. शेकडो बाया एकदम गिरणीकडे निघाल्या की झोपलेलं गाव जागं व्हायचं. 'क्लॉगपासून क्लॉगपर्यंत तीन पिढ्या' अशी तिथली म्हण आहे. आजा क्लॉग घालून कष्ट करतो, बाप कातडी बूट घालून मिरवतो, आणि नातवाच्या पायात पुन्हा क्लॉग येतात. कुणाच्या घराबद्दल बोलताहेत हे सगळ्या आळीला माहीत असायचं.

आता विणाई खात्यात चला. एका शेडमध्ये शेकडो माग. एका बाईकडे बहुधा चार. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, ठोके पडतात, पट्टे फिरतात. शेजारच्या बाईच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. दिवसाचे दहा-दहा तास असं काम. कित्येक जणी म्हातारपणी बहिऱ्या झाल्या. पण बायांना गप्प बसवणं कुणाला जमलंय? त्यांनी ओठांनी बोलायला सुरुवात केली. आवाज न काढता, प्रत्येक शब्दाला ओठ मोठे करून, भुवया उडवून, हाताच्या खुणांची जोड देऊन. याला त्या म्हणायच्या 'मी-मॉ'. म्हणताना आपले ओठ कसे पसरतात आणि कसे गोल होतात पाहा, म्हणजे नाव का पडलं ते कळेल.

ही बोली शिकवायला कोणी मास्तर नव्हता. बारा-तेरा वर्षांची पोर गिरणीत लागली की महिन्याभरात डोळ्यांनी ऐकायला शिकायची. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सांगू शकायची की तुझ्या दिराचं लग्न मोडलं. मुकादम मधून चालत गेला तरी त्याला पत्ता नाही. माग दुरुस्त करणाऱ्याला 'टॅकलर' म्हणायचे. तो नेहमी पुरुष असायचा. त्याच्या हातात बाईची मजुरी असायची, कारण माग बंद पडला आणि तो वेळेवर आला नाही तर तिचं कापड कमी भरायचं. म्हणून टॅकलरच्या बावळटपणाच्या गोष्टी सांगायची तिथे मोठी रीत पडली. आजही लँकाशायरात 'टॅकलरची गोष्ट' म्हटलं की लोक आधीच हसायला लागतात. मजुरी ज्याच्या हातात, त्याच्यावर निदान हसून तरी घ्यावं!

मी-मॉ गिरणीतून घरी आली. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दारांत उभ्या राहून बाया बोलायच्या. घरात पोरं असली, नवरा असला, आणि विषय पोटातल्या बाळाचा, पाळीचा, किंवा कुणाच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा असला, की वाक्य निम्मं आवाजात आणि निम्मं ओठांत. चारचौघांत ज्या शब्दांना आवाज द्यायची लाज वाटायची, ते शब्द गिरणीच्या खुणेने एकीकडून दुसरीकडे पोचायचे. पुढे लेस डॉसन नावाचा विनोदी नट टीव्हीवर साडीच्या... नाही, चुकलो, झग्याच्या पोशाखात बाई बनून हीच नक्कल करायचा. सगळा देश हसायचा. उत्तरेच्या बाया थोड्या जास्तच हसायच्या, कारण त्यांना न ऐकू येणारे शब्दही कळत होते.

आणखी एक शब्दप्रयोग आहे, ऐकायला गोड, पण गोड नाही. 'धोट्याचा मुका घेणं'. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची, आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हाताने वेळ लागतो. म्हणून बाई धोटा तोंडाला लावून श्वास आत ओढायची, की सूत बाहेर. दिवसातून शेकडो वेळा. सुताबरोबर कापसाची धूळ, तेल आणि खळ तोंडात जायची. दात किडायचे, पडायचे. आणि तोच धोटा उद्या दुसरीच्या तोंडाला. एकीचा खोकला दुसरीला. डॉक्टर आणि तपासनीस बरीच वर्षं लिहीत राहिले, तरी इंग्लंडात नियम करून हे बंद करायला १९५२ साल उजाडलं. हाताने ओवता येणारे धोटे त्याच्या कितीतरी आधी निघाले होते. बदलायचे तर मालकाला खर्च होता. मुका घेतला की खर्च नाही.

एवढं असून या बायांच्या बोलण्यात दबून राहणं कमी दिसतं. त्याचं एक कारण पगार. विणाईचा दर कापडाच्या मापावर ठरलेला असायचा, आणि तो बाईला वेगळा आणि बाप्याला वेगळा असा नव्हता. त्या काळात हे फार दुर्मीळ. लग्न झाल्यावरही पुष्कळ जणी गिरणीत जात राहिल्या. स्वतःच्या नावाने पाकीट घेणारी बाई जरा ठणकावून बोलते, हे आपल्या गटातही आपण पाहिलंय.

ठणकावण्यावरून आठवलं. पुस्तकी इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना आता एकच शब्द आहे, 'यू'. या बोलीत मात्र जुना 'तू' टिकून राहिला. त्याला ते 'दा' किंवा 'दी' म्हणतात. घरच्यांना, बरोबरीच्यांना, पोरांना 'दा'. वडीलधाऱ्याला 'दा' म्हटलं तर काय होईल ते आपल्याला सांगायला नको! त्यावर यॉर्कशायरात म्हण आहे, आणि ती मराठीत आणणं अगदी सोपं आहे: "मला अरे-तुरे करू नकोस. तुला अरे-तुरे करणाऱ्याला जाऊन कर." इंग्रजी शिकताना आपल्याला वाटतं की त्या भाषेत मानपान नाही. आहे, पण तो लंडनच्या पुस्तकात उरला नाही, उत्तरेच्या आयांच्या तोंडात उरला.

आता येतो आजींच्या प्रश्नाकडे.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटलं. दक्षिणेत गुलामांकडून कापूस पिकवून घेत, आणि लँकाशायरच्या बहुतेक गिरण्या त्याच कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस येईना. १८६५ पर्यंतच्या त्या काळाला लँकाशायरात 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. आपल्याकडे पाऊस नाही म्हणून दुष्काळ, त्यांच्याकडे गाठी नाहीत म्हणून. गिरण्या बंद पडल्या, चुली थंड झाल्या, माणसं रांगेत उभी राहून सूप आणि भाकरीची तिकिटं घ्यायला लागली. घरातलं सामान गहाण पडलं, मग अंथरूण गेलं. गिरणीतल्या पोरींसाठी शिवणाचे वर्ग काढले, तिथे जाऊन बसलं की थोडी मदत मिळायची. चार माग एकटीने सांभाळणाऱ्या या पोरींपैकी अनेकींनी हातात सुईच धरली नव्हती.

तेव्हा मालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबई बंदरातून कापूस सुटायला लागला. गुजरातचा, खानदेशाचा, आपल्या वऱ्हाडाचा. बैलगाड्यांनी, मग जिथवर रूळ झाले होते तिथून आगगाडीने, मग जहाजाने. तिकडच्या बाजारात मुंबईहून आलेल्या कापसाला सरसकट एकच नाव: 'सुरत'. हिंगणघाटचा कापूस त्यातल्या त्यात चांगला समजायचे, पण विणणाऱ्या बाईला कोण सांगायला बसलंय? तिच्यासाठी सगळं सुरतच.

आणि ते सुरत तिला मुळीच आवडलं नाही. आपल्या जुन्या कापसाचा धागा आखूड. तिकडची यंत्रं अमेरिकेच्या लांब धाग्यासाठी बसवलेली. सूत क्षणाक्षणाला तुटायचं. त्यात सरकी, पाला, माती. शेतापासून बंदरापर्यंत मधल्या व्यापाऱ्यांनी वजन वाढवायला काय काय मिसळलेलं असायचं. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून समजा. मजुरी कापडावर, आणि कापड तर पुढे सरकतच नाही. दिवसभर तुटलेली टोकं जोडून बाई घरी जायची ती निम्म्या मजुरीवर.

मग 'सुरत' ही शिवी झाली. तिथल्या उच्चारात 'शुरत'. जे जे वाईट, बनावट, भेसळीचं, ते ते शुरत. तिकडे एक गोष्ट सांगतात. प्रार्थनेत पाद्री म्हणाला, देवा, आम्हाला कापूस पाठव. मागून कुणीतरी ओरडलं, पाठव देवा, पण सुरत नको! ही गोष्ट खरी घडली की कुणी रचली, देव जाणे. पण पुढची कोर्टातली आहे. लँकाशायरच्या एका बियरच्या भट्टीला कुणा प्रतिस्पर्ध्याने 'सुरत भट्टी' म्हटलं. भट्टीवाल्यांनी बदनामीचा दावा लावला. १८६३ च्या मे महिन्यात लंडनच्या टाइम्समध्ये ती बातमी छापून आली. म्हणजे आपल्याकडच्या एका शहराचं नाव एखाद्याच्या मालाला लावणं ही बदनामी ठरत होती. ब्लॅकबर्नचा विल्यम बिलिंग्टन आणि स्टेलिब्रिजचा सॅम्युअल लेकॉक या दोघा कामगार कवींनी सुरत विणणाऱ्यांच्या हालांवर बोलीतच कविता केल्या, आणि लोकांनी त्या घरोघरी म्हटल्या.

हे वाचून आम्हाला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. आमच्या आज्या-पणज्यांनी बोटं सोलून वेचलेला कापूस, आणि तुम्ही त्याची शिवी करता? मग वाटलं, त्या बाईला तरी काय ठाऊक? तिच्यापर्यंत फक्त तुटका धागा पोचला. पऱ्हाटीच्या ओळीतली बाई पोचली नाही. आणि आपल्या पणजीला आपला कापूस कुणाच्या मागावर तुटतोय, हे कोण सांगणार होतं? तिची मजुरी कापडाच्या मापावर, आपली वेचणी आजही किलोवर. भाव वाढला तो मधल्यांच्या हातात. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, मुंबईत कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. लँकाशायरात अमेरिकेचा कापूस परत आला. शब्द मात्र राहिला बरीच वर्षं.

त्या दुष्काळात ज्यांना थोडा आधार मिळाला त्यांतलं एक ठिकाण सांगायलाच हवं, कारण ते आपल्या गटांच्या जवळचं आहे. रॉचडेल गावात १८४४ च्या डिसेंबरात काही विणकर आणि कारागिरांनी वर्गणी काढून स्वतःचं दुकान उघडलं. सुरुवातीला माल किती? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ. भेसळ करायची नाही, माप मारायचं नाही, आणि नफा जो जेवढी खरेदी करेल त्याला त्या प्रमाणात परत. हीच पुढे जगभर गेलेली सहकारी चळवळ. बायांनी त्या परत मिळणाऱ्या पैशाला लाडकं नाव दिलं, 'डिव्ही'. डिव्हीवर पोरांचे क्लॉग यायचे. प्रत्येक सभासदाला नंबर असायचा, तो पोरांकडून पाठ करून घ्यायचे, कारण दुकानात निरोपाला पोरंच जात. सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांना आईचा डिव्ही नंबर अजून पाठ असतो, स्वतःचा फोन नंबर नसतो.

या दुकानाची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ब्रॅडफर्डजवळ १८५५ मध्ये जोसेफ राइट नावाचा मुलगा जन्मला. घरात गरिबी. सहाव्या वर्षी खाणीत गाढवाची गाडी हाकायला लागला, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या गिरणीत डॉफर, म्हणजे भरलेल्या कांड्या काढणारा पोर. पंधरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. मग स्वतःच शिकला, रात्रशाळेत गेला, जर्मनीत गेला, आणि शेवटी ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. आई त्याला भेटायला आली. त्याने तिला तिथलं एक जुनं, भव्य, सरदारी थाटाचं कॉलेज दाखवलं. आईने ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की, इथे को-ऑपचं दुकान काय झकास होईल!

याच राइटने इंग्लंडच्या बोलींचा शब्दकोश केला, १८९८ ते १९०५ या काळात, सहा जाड खंड. जो गिरणीत शिकला, तो शब्दांना अडाणी कसा म्हणेल? त्याची बायको एलिझाबेथ मेरी हिनेही त्या कामात हात लावला, आणि १९१३ मध्ये खेड्यातली बोली आणि समजुती यांवर स्वतःचं पुस्तक काढलं. शब्दकोशावर ठळक नाव त्याचं आहे.

पुढे १९५० नंतर लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टन यांनी मोठी पाहणी केली. ३१३ गावं, तेराशेच्या वर प्रश्न, दहा-अकरा वर्षं काम. माणसं वही घेऊन खेडोपाडी गेली. त्यांच्यामुळे हजारो शब्द वाचले, त्याबद्दल वाद नाही. पण विचारायचं कुणाला? त्यांनी ठरवलं, शक्यतो साठीच्या पुढचे, गाव न सोडलेले पुरुष. बायका परक्यासमोर जरा सुधारून बोलतात, पुरुष खरी बोली बोलतात, असं त्यांना वाटायचं. प्रश्नांचा एक अख्खा भाग घर आणि घरकामावर होता. पीठ मळणं, चूल पेटवणं, धुणं. काही ठिकाणी बायांना विचारलं, पण बहुतेक ठिकाणी उत्तरं म्हाताऱ्यांची. आम्ही हसलो आणि मग हसू गेलं. शिवाय पाहणी मुख्यतः शेतीच्या खेड्यांची होती. गिरणीगावातल्या मी-मॉ करणाऱ्या बाया त्या वहीच्या वाटेवरच नव्हत्या.

त्या परक्यासमोर सुधारून का बोलत असतील, हेही पाहायला हवं. शाळेत 'नाउट' म्हटलं की मास्तर दुरुस्त करायचे. दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत लंडनसारखं बोलावं लागायचं. आई पोरीला बजावायची, बाहेर नीट बोल. तीच आई घरात "लाजऱ्या लेकराला नाउट" असंही सांगायची. ही न्यूकॅसलकडची म्हण. मागितल्याशिवाय मिळत नाही, तोंड उघड. बिचाऱ्या पोरीने तोंड उघडायचं कुठल्या बोलीत?

आता शेवटची गोष्ट, आमच्या धंद्यातली. बीबीसी रेडिओवर बातम्या वाचणारे सगळे एकाच साच्यातलं लंडनी इंग्रजी बोलायचे. १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं. यॉर्कशायरचा माणूस. जर्मनांना त्याच्या बोलीची नक्कल करणं जड जाईल, असाही त्यामागे विचार होता. बातम्या संपवताना तो उत्तरेच्या लोकांना 'गुड नाइट' ऐवजी तिकडच्यासारखं 'गुड नीट' म्हणाला. तक्रारी आल्या. अशा आवाजातल्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा, असं लोकांनी कळवलं. बातमी तीच, शब्द तेच. तक्रार करणाऱ्यांत उत्तरेचेही लोक होते, आपलीच बोली रेडिओवर ऐकून ओशाळलेले. युद्धानंतर १९४६ मध्ये त्याने गावोगाव फिरून साध्या माणसांना बोलतं करणारा कार्यक्रम सुरू केला. बायको मेबल बरोबर असायची. तो कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला, आणि लाखो लोक तो ऐकायला घड्याळाकडे बघत बसायचे.

हे वाचलं तेव्हा आमच्या स्टुडिओत थोडा वेळ कोणी बोललं नाही. कारण सुरुवातीला ज्या आजींचा प्रश्न सांगितला, त्यांनी मागच्या वर्षी आपल्या केंद्रावर रेच्याने सरकी काढायच्या कामाबद्दल सांगितलं होतं. 'मले', 'तुले', 'काहून', 'करून राहिली', त्यांचं नेहमीचं बोलणं. रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही त्यांना तीन वेळा थांबवलं. नीट बोला म्हणालो. जे वाक्य सुधारलं नाही ते कापलं. प्रसारण बारा मिनिटांचं झालं. आजींचं मूळ बोलणं चाळीस मिनिटांचं होतं. त्या घरी जाताना म्हणाल्या होत्या, "मले काही नीट जमलं नाही बाई."

ते चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आम्ही शोधून काढलंय. मधल्या दोन मिनिटांत पंख्याचा आवाज आहे, बाकी स्वच्छ आहे. पुढच्या बुधवारी संध्याकाळी साडेसहाला ते न कापता लावणार आहोत. आजींना कळवलंय. त्यांनी विचारलं, "म्या थांबली होती, तेही लावान का?" लावणार आहोत.